लहान मुलांच्या दातांसाठी गुंगीचं औषध: डॉक्टरांना काय विचारावं?

चिऊची_आई:
मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चार दाढा किडल्यात, एकीला तर भोकच पडलंय. रात्री गाल धरून उठते. दोनदा खुर्चीत बसवून पाहिलं. दुसऱ्यांदा रडून रडून उलटी झाली. आता डॉक्टर म्हणतात, तोंडावाटे गुंगीचं औषध देऊन एकाच बैठकीत सगळं उरकू. ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कुणाचा अनुभव?

प्राजक्त७:
आमचं लाफिंग गॅसवर भागलं. नाकावर मास्क, मूल जागं असतं, बोलतं. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, की उतरतं. पण नाक चोंदलेलं असेल किंवा मूल मास्क लावूच देत नसेल, तर उपयोग नाही.

रानवारा:
दुधाचेच दात ना? पडणारच आहेत. कशाला जोखीम घेता?

भूलवाली_डॉक्टर:
रानवारा, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि पू झाला तर तो जबड्यात पसरू शकतो. रात्री उठवणारी दाढ तशीच ठेवू नये.

चिऊच्या आई, मी भूलतज्ज्ञ आहे. एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: डॉक्टर दाढेत बघत असतील तेव्हा मुलीच्या श्वासाकडे कोण बघणार?

एकाच वजनाच्या दोन मुलांना सारखाच डोस दिला, तरी एक नुसतं पेंगतं आणि दुसरं गाढ झोपतं. तोंडात पाणी, कापूस, वरून जबडा दाबलेला, जीभ मागे पडलेली. अशा वेळी लहान मुलाचा ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा खूप लवकर घसरतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ते उशिरा दाखवतो. कॅप्नोग्राफवर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) श्वास थांबल्याचं लगेच कळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंततज्ज्ञांच्या संघटनांची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल असेल, तर दातांचं काम करणाऱ्याखेरीज दुसरी प्रशिक्षित व्यक्ती फक्त मुलावर लक्ष ठेवायला हवी. श्वास द्यायला मुलांच्या मापाचा मास्क आणि बॅग, ऑक्सिजन, सक्शन (तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी) हाताशी आहे का, तेही विचारा.

चार दाढा एकदम म्हणजे हिरडीत द्यायचं बधिरतेचं औषधही जास्त. त्याची कमाल मात्रा वजनावर ठरते. वजन त्याच दिवशी करून घ्या. आणि ‘औषध घरूनच पाजून आणा’ असं कुणी म्हणालं, तर तिथे जाऊ नका.

ती घोरते का? टॉन्सिल मोठे आहेत का? सर्दी आहे का? हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. जेवण किंवा दूध सहा तास आधी बंद (भरपेट जेवणाला आठ), साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ‘रडतेय म्हणून घोटभर दूध दिलं’ हे लपवू नका. गुंगीत उलटून दूध फुप्फुसात गेलं तर फार महागात पडतं.

भुलीचा मेंदूवर परिणाम होईल, ही भीती तुम्हाला वाटत असेलच. अमेरिकेच्या एफडीएचा (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2016 चा इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल देण्याबद्दल आहे. तान्हेपणी तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

दंतमित्र:
सगळ्या दाढांना गुंगी लागेलच असं नाही. कीड वरवरची असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती थांबवता येते. डाग मात्र काळाकुट्ट पडतो. काही दाढांवर न कोरता, इंजेक्शन न देता स्टीलची टोपी बसवता येते. दुखणाऱ्या दाढेचं मात्र वेगळं, तिथे हे चालणार नाही.

चिऊची_आई:
ताई, फोन करून तोच प्रश्न विचारला. ‘आमची असिस्टंट बघते ना’ म्हणाले, आणि तीच सक्शनही धरते. म्हणून दुसरीकडे दाखवलं. तीन दाढांना थेंब आणि टोप्या, दुखणाऱ्या एकीसाठी रुग्णालयात भूलतज्ज्ञांसमोर काम. तारीख परवाची होती, पण आज नाक गळतंय आणि खोकलाही आहे. पुढे ढकलू ना?

भूलवाली_डॉक्टर:
हो, आजच कळवा. किती दिवसांनी घ्यायचं ते भूलतज्ज्ञ तपासून ठरवतील. तोवर ताप आला किंवा गाल सुजला, तर मात्र वाट न बघता दाखवा. आणि काम झाल्यावर घरी नेताना गाडीत कुणीतरी तिच्या शेजारी बसा. पेंगताना मान पुढे पडली तर श्वास अडतो, मान सावरून धरा.