चपट्या मटारची फुलं गळतायत

पुण्यात गच्चीवर, रंगाच्या २० लिटरच्या डब्यात सालीसकट खायचा मटार (स्नो पी) जानेवारीअखेर टोचला. वेल कमरेएवढे झालेत, पण फुलं वाळून गळतात. खालच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय. चमचाभर युरियाही घातला. काय चुकलं?

> उशीर झाला, ताई. मटार थंडीचं पीक. मार्चचं ऊन त्याला सोसत नाही. पुढच्या वेळी ऑक्टोबरअखेर लावा. ते पीठ म्हणजे भुरी, बुरशीचा रोग.

> युरिया कशाला? मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात. वर युरियाचा नत्र दिला की नुसता पाला माजतो!

> मी जुन्या साडीच्या चिंध्या कठड्याला बांधते, तणावे छान धरतात. शेंग मात्र दाणे फुगायच्या आत तोडा, नाहीतर नुसते दोरे.

बरं. मग हे वेल उपटूनच टाकू?

> उपटू नका, बुडाशी कापा. मुळं मातीतच कुजू द्या, वर मेथी टाका.