नुसती फी माफ करून भागणार नाही

गोव्यातल्या लहान उद्योगांसाठी सायबर सुरक्षा प्रमाणपत्राची सगळी फी सरकारने भरावी, अशी एक सूचना पुढे आली आहे. ती मला अर्धीच पटते. खरा खर्च फीच्या आधी येतो. वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंग मशीनचा संगणक अजून विंडोज ७ वर चालत असेल, तर त्याला २०२० पासून नेहमीचे अपडेट नाहीत. तो बदलायचा तर मशीनचं सॉफ्टवेअरही नवं लागतं. ते जमत नसेल, तर फायरवॉल (नको ती नेटवर्क जोडणी अडवणारी यंत्रणा) लावून त्याला इंटरनेटपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडावं. अनुदान इथे द्या.

ब्रिटनची 'सायबर इसेन्शियल्स' ही सायबर सुरक्षा प्रमाणपत्राची योजना २०१४ पासून चालू आहे. त्यात पाळायच्या गोष्टी पाचच: फायरवॉल, सुरक्षित सेटिंग, वापरकर्त्यांचे अधिकार, मालवेअरपासून (घातक सॉफ्टवेअरपासून) संरक्षण आणि अपडेट. गंभीर त्रुटींचे अपडेट १४ दिवसांत टाकावे लागतात. साध्या पातळीवर अर्जदार प्रश्नावली भरतो, परीक्षक ती तपासतो. 'प्लस' या वरच्या पातळीवर संगणकांची प्रत्यक्ष तांत्रिक चाचणी होते. फी अर्जदारच भरतो, पण काही सरकारी कंत्राटांना हे प्रमाणपत्र लागतंच. आपल्याकडेही निविदेत अशी अट हवी, नाहीतर अनुदान आटलं की नूतनीकरणाला कोणी फिरकणार नाही. प्रमाणपत्र वर्षभरच टिकतं!

अनुदानाचा नमुना केंद्राच्या 'झेड' (ZED) या लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या गुणवत्ता प्रमाणपत्र योजनेत आहेच. तिथे प्रमाणपत्राच्या खर्चावर अनुदान मिळतं: सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के. मात्र सल्लागार आणि परीक्षक एकच संस्था नको. स्वतः केलेलं काम कोणी नापास करत नाही.