१० अंशांखाली घोड्यावर बसायचं नाही? मला हा नियम पटत नाही

पहाटस्वार
गेल्या आठवड्यात आमच्या रायडिंग क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला: किमान तापमान १० च्या खाली गेलं की सकाळची ६ ची बॅच बंद. कारण काय, तर 'घोड्यांना थंडी बाधते'. नाशिकमध्ये राहून हा नियम लावायचा म्हणजे अर्धा पौष घरीच बसायचं. मग शिकायचं कधी? वैशाखात, ४० मध्ये?

माझं म्हणणं असं की थंडी बाधते ती आपल्याला, घोड्याला नाही. हिवाळी केस आलेला, पोट भरलेला, कोरडा घोडा उणे १० च्या आसपासही उभ्या उभ्या आपली ऊब राखतो. परदेशात रायडिंग कमी करायची ती साधारण उणे ७ च्या खाली, म्हणजे त्यांच्या २० फॅरनहाइटला. आपण त्याच्याहून १७ अंश वर बसून कुडकुडतोय. चुरूला पारा शून्याखाली जातो, तिथे मारवाडी घोडे नसतात की काय?

शिवाय ग्रुपवर जो आकडा फिरतो तो निफाडचा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. तिथे ६ असताना गंगापूर रोडला ६ नसतं हो.

दुडकी
मी शिकवते (तुमच्या क्लासमध्ये नाही, पण १० चा नियम माझ्याकडेही आहे). मेसेजचा मजकूर चुकलाय, नियम नाही.

थंड सकाळी घोडा गारठलेला नसतो, उलट भलताच ताजा असतो. रात्रभर बांधलेला, त्यात अंगाला गार वारा. गेल्या वर्षी एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी, एरवी इतकी गरीब की तिच्यावर पाच वर्षांचं पोर बसवतो. कुंपणाला अडकलेली खताची रिकामी गोणी फडफडली, घोडीने डोकं खाली घातलं आणि तीन दुलत्या झाडल्या. तिसरीला वरची मुलगी खाली. कॉलरबोन गेलं. पालकांना फोन मी केला होता, त्यामुळे उणे ७ चे लेख मला नका सांगू.

दुसरं, ते आकडे थंड देशातल्या दाट केसांच्या घोड्यांचे. आपल्या मारवाडी-काठेवाडीची कातडी पातळ, केस बारीक. त्यात कुणी चकाकी यावी म्हणून अंगावर मशीन फिरवलं असेल तर तो ५ अंशांनाही कुडकुडतो.

पहाटस्वार
ताई, मुलीचं वाईट वाटलं. पण हा दोष थंडीचा की थेट पाठीवर बसवल्याचा? आधी दहा मिनिटं लांब दोरीवर गोल फिरवली असती तर दुलत्या तिथेच झाडून झाल्या असत्या. मशीन फिरवलेल्याबद्दल मान्य, तो वेगळा हिशोब. पण आमच्या क्लासमध्ये एकाही घोड्याचे केस काढलेले नाहीत. सगळे अस्वलासारखे दिसतात सध्या.

दुडकी
माझ्या सहाच्या बॅचला बारा मुलं, घोडे सांभाळणारे मोतद्दार दोन. दोरीवर कोण फिरवणार?

वरातवाला
आमच्याकडं तीन पिढ्या घोडे. तुमची ही चर्चा वाचून हसू आलं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. रात्री अकराला घोडी डीजेसमोर तासभर नाचवतात, फेसाळून जाती. मग मंडपाच्या दारात अर्धा तास नुसती उभी, कारण नवरदेवाचे फोटो. मग उघड्या छोटा हत्तीत घालून आडगाव ते पंचवटी, वाऱ्यात. आजवर आमच्या घोड्यांना जे काय झालं ते या परतीच्या वाटेत झालं. सकाळच्या फेरीनं काही होत नाही.

माझा बाप गाडीत गोणपाट ठेवायचा. आधी गवताची मूठ घेऊन घाम पुसायचा, केसांच्या उलट्या दिशेनं. मग पाठीवर वाळलेलं गवत पसरायचा आणि वर गोणपाट. गवतातनं वाफ निघून जाती, घोडी कोरडी होती. नुसती झूल टाकली की घाम आतच. हात घालून बघा, खाली ओलं गार लागतं.

निफाडकर
आमचा आकडा वापरता आणि आम्हालाच नावं ठेवता होय :)

द्राक्षबाग आहे, हौसेची एक घोडी आहे. ज्या रात्री पारा ५-६ ला येतो तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो. वारा नसतो, गार हवा खाली बसलेली, त्यामुळे धूरही जमिनीलगत चादरीसारखा पडून राहतो. घोडी त्यात पळवली की दुपारी खोकते. मी स्वतः बघितलंय. म्हणून अशा दिवशी नऊपर्यंत खोगीर चढवत नाही. थंडीला घोडी भीत नाही, माझा आक्षेप धुराला आहे. शहरात कचरा जाळतात तिथेही हेच.

पहाटस्वार
म्हणजे निफाडकर माझ्या बाजूने आहेत.

निफाडकर
नाही. मीही बसत नाहीच की त्या दिवशी.

पशुवैद्य_निवृत्त
दोन्ही बाजू खोगिराभोवतीच फिरताहेत. हिवाळ्यात मला बोलावणं यायचं ते दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही तबेल्यातल्या.

एक, थंडी वाजेल म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री. सकाळी आत शिरलो की डोळ्यांतून पाणी यायचं, इतका मुताचा अमोनिया कोंडलेला. घोडा रात्रभर तेच हुंगतो, आणि खोकला लागला की मालक म्हणतो, "डॉक्टर, काल सकाळी फिरवला म्हणून." वाऱ्याची एक बाजू बंद करा, वरचा भाग उघडा ठेवा.

दोन, पाणी. टाकीतलं गार पाणी घोडा कमी पितो, वर कोरडा कडबा खातो, आणि शेण आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. बादलीत थोडं गरम पाणी मिसळा, चंदीत, म्हणजे दाण्यात, मीठ घाला. थंडी वाढली की लोक बाजरी आणि गूळ वाढवतात. त्यापेक्षा चारा वाढवा. चारा मोठ्या आतड्यात कुजताना जी ऊब तयार होते, ती घोड्याची शेगडी.

बसायचं की नाही हे मी घोड्याकडे बघून ठरवीन. कान मुळाशी गार आहेत का, अंग थरथरतं का, बादली रिकामी झालीय का. म्हातारा, सांधे धरलेला असेल तर १४ अंशांनाही वीस मिनिटं नुसता चालवा. आणि भुरभुर पाऊस पडून केस भिजले असतील तर १५ अंशही वाईट, कारण ओल्या केसांत हवा राहत नाही.

दुडकी
काका, हे सगळं बरोबर. पण पहाटे साडेपाचला बारा पालकांना मेसेज टाकायचा तर कानाच्या मुळाचं तापमान टाकू का? त्यांना आकडा लागतो. १० हा आकडा शास्त्राचा नाहीच, तो माझ्या दोन मोतद्दारांचा आहे.

पहाटस्वार
हे आधी लिहिलं असतं तर धागाच काढला नसता. मग आकडा मुलांच्या बॅचला ठेवा, मोठ्यांना का? आम्ही चौघंच असतो. दोरी धरू, नंतर खरारा करू, छाती कोरडी होईपर्यंत हातात धरून चालवू.

वरातवाला
खरारा करू म्हणणारे लई बघितले. फोटो काढून झाले की पळतात चहाला.

दुडकी
तुमच्या क्लासचं तुम्ही बघा, पण माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी पावणेसहाला या. चौघंही. लगामाची कडी आधी हातात धरून गरम करायची, गार लोखंड तोंडात घालू देणार नाही. आणि कुमैत घोडी तुम्हालाच देते.