एप्रिलअखेर युटा: आई-बाबांना घेऊन पाचही उद्यानं करावीत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आले आहेत. एप्रिलच्या शेवटी त्यांना युटातली लाल खडकांची राष्ट्रीय उद्यानं दाखवायची आहेत. झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स अशी पाचही करावीत, असा नवऱ्याचा आग्रह आहे. विमानाने लास व्हेगस, तिथून भाड्याची गाडी, शेवटचा मुक्काम आर्चेस-कॅन्यनलँड्सजवळचं मोॲब गाव आणि परत लास व्हेगस. हाताशी आठवडा आहे, फार ताणलं तर एखादा दिवस वर.

बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. रक्तदाबाची गोळी चालू असते, पण रोज तासभर चालतात. आईचा गुडघा दुखतो. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास आरामात चालते, उतरणीवर मात्र त्रास होतो. मुलगा चौथीत आहे, त्याची काळजी नाही.

हा प्रवास खरा बाबांसाठी आहे. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना अजिंक्यताऱ्यावर नेऊन बेसॉल्टच्या थरांवर हात ठेवायला लावायचे. वाऱ्याने साठवलेल्या वाळूचा खडक कसा होतो, हे त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं असेल, पण तसा कडा डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. तो त्यांना गाडीच्या काचेतून घाईघाईने दाखवायचा नाही.

म्हणून विचारते आहे. पाचांतली कोणती उद्यानं सोडावीत? ब्राइसचा कडा आठ-नऊ हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा कितीतरी वर. एप्रिलअखेर तिथे थंडी किती असते? नवऱ्याला झायनमध्ये नॅरोज ही नदीतली वाट आणि एंजल्स लँडिंग ही कड्यावरची चढण करायची आहे, ते त्या दिवसांत जमतं का? आणि परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क वाढलंय म्हणतात, ते नेमकं काय आहे? आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. जेवणाचं काय करता, तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही सॉल्ट लेकजवळ राहतो. पाहुणे आले की हा रस्ता ठरलेला. माझं मत स्पष्ट आहे: या वेळी मोॲब सोडा. मोॲबहून लास व्हेगस साडेचारशे मैलांच्या वर आहे. आईंचा गुडघा दिवसभर गाडीत दुमडलेला राहील आणि तो दिवस नुसता महामार्ग बघण्यात जाईल.

झायनला तीन रात्री द्या. मार्च ते नोव्हेंबर बहुतेक दिवस दरीतल्या मुख्य रस्त्यावर खाजगी गाड्या सोडत नाहीत, उद्यानाची मोफत बस असते. वयस्कर माणसांना ती फार सोयीची, हवं तिथे उतरा, दमलात की पुढची पकडा. फक्त प्रवेशद्वाराजवळचं पार्किंग सकाळी लवकर भरतं. म्हणून राहायला प्रवेशद्वाराबाहेरच्या स्प्रिंगडेल गावातच घ्या आणि गाडी तिथेच ठेवा. बसच्या शेवटच्या थांब्यावरून निघणारी रिव्हरसाइड वॉक ही वाट नदीकाठाने जाते. जाऊन-येऊन सव्वादोन मैल, पक्की आणि बरीचशी सपाट. आईंना जमेल तिथून मागे फिरता येतं.

नॅरोजच्या भरवशावर बेत आखू नका. ती वाट म्हणजे व्हर्जिन नदीचं पात्रच. वसंतात वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं आणि प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद करतात. एप्रिल-मे हे नेमके तेच दिवस. उघडी असली तरी पाणी हाडं गारठवणारं असतं. एंजल्स लँडिंगला २०२२ पासून परवाना लागतो, तो सोडतीत मिळतो. वसंताची मोठी सोडत जानेवारीत होऊन जाते, पण आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज करायची दुसरी सोय आहे. नंबर लागला नाही तर त्याच वाटेवरच्या स्काउट लुकआउटपर्यंत परवान्याशिवाय जाता येतं, आणि तिथूनही दरी पोटभर दिसते.

आता बाबांसाठी. झायनहून ब्राइसला जाताना पूर्वेच्या रस्त्याने जा. १९३० सालचा बोगदा ओलांडला की थोड्या वेळाने चेकरबोर्ड मेसा लागतो. तिथे गाडी थांबवा आणि त्यांना हवा तेवढा वेळ द्या. हा नवाहो वालुकाश्म, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाचा. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून जुना. खडकावरच्या तिरप्या रेघा म्हणजे टेकड्यांच्या वाऱ्याआडच्या उतारावर घसरलेल्या वाळूचे थर. त्यावरून तेव्हाचा वारा कुठून वाहत होता हेही सांगता येतं. त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, तेच तुम्हाला सांगतील. आणि ग्रँड स्टेअरकेसचा, म्हणजे खडकांच्या थरांच्या महाकाय जिन्याचा, उल्लेख जरूर करा: ग्रँड कॅन्यनचे सर्वांत वरचे थर झायनच्या तळाशी आहेत, आणि झायनच्या माथ्याचे थर ब्राइसच्या पायथ्याशी.

प्रतिसाद २

मोॲब सोडा हे मला पटत नाही. गुडघा दुखणाऱ्यांसाठी पाचांत आर्चेसच सोयीचं. बॅलन्स्ड रॉक गाडीतूनच दिसतो, डबल आर्चपर्यंतची वाट छोटी आणि सोपी आहे. परतीचं विमान सॉल्ट लेकहून घेतलं तर मोॲबपासून चार तासांत पोहोचता. गाडी दुसऱ्या शहरात सोडायचे जादा पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या. आर्चेसला गेली काही वर्षं हंगामात वेळ राखून ठेवावी लागत होती. हा नियम बदलत राहतो, तेव्हा त्या वर्षीचा बघा.

ब्राइसला एप्रिलअखेर रात्री पारा शून्याखाली जातो आणि बर्फ पडू शकतं. सावलीतल्या वाटांवर जुनं बर्फही असतं. तिथले सुळके घडलेत तेच पाणी भेगांत गोठण्या-वितळण्याने, असे दिवस वर्षात दीडशेहून जास्त असतात. स्वेटर, कानटोप्या घ्या. पहिल्या दिवशी दम लागेल, सावकाश चाला, आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांना निघण्याआधी उंचीचं सांगून ठेवा. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कड्यावरची अर्ध्या मैलाची पक्की वाट आईंसाठी. खाली सुळक्यांमधल्या क्वीन्स गार्डनच्या वाटेला तुम्ही दोघं मुलाला घेऊन जा.

शुल्काचं असं आहे. १ जानेवारी २०२६ पासून अकरा उद्यानांत सोळा वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आहेत. त्यात झायन आणि ब्राइस येतात, युटातली बाकी तीन येत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे दोघांचे चारशे झाले. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे, इथे राहणाऱ्यांचा ८० ला. तुमच्या पासवर गाडीतले पाहुणे चालतील का, हे झायनच्या कार्यालयात फोन करून विचारा आणि मगच कुठला घ्यायचा ते ठरवा.

प्रतिसाद ३

जेवणाचं मी सांगते. स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. स्प्रिंगडेलच्या आधी सेंट जॉर्ज लागतं, भाजी, दही, दूध तिथेच भरा, पुढे दुकानं लहान आणि महाग. कुकर, डाळ-तांदूळ, गोडा मसाला घरूनच न्या. मेतकूट आणि दशम्या असल्या की दुपारचा प्रश्न मिटतो. उद्यानांत पेट्रोल मिळत नाही, फोनला रेंज फारशी नसते, तेव्हा नकाशे आधी उतरवून ठेवा. आणि नेवाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं, पहिल्या दिवशी हे धरून निघा.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रँड स्टेअरकेसचं वाचून दाखवल्यावर बाबांनी वही घेऊन थरांची नावं लिहायला सुरुवात केली, त्यामुळे निर्णय झाला. झायनला तीन रात्री, ब्राइसला दोन, मग बारा क्रमांकाच्या रस्त्याने कॅपिटल रीफ आणि तिथून परत लास व्हेगस. आर्चेससाठी आई हळहळली, पण सलग दोन लांबचे दिवस गाडीत नकोत असं तीच म्हणाली. नवरा आदल्या दिवशीच्या सोडतीत अर्ज टाकणार आहे.

एकच राहिलं. कॅपिटल रीफला फ्रुटाच्या फळबागांत एप्रिलअखेर मोहर शिल्लक असतो का? असेल तर जवळच्या टोरी गावात एक रात्र वाढवून घेते.

प्रतिसाद १

जर्दाळू, पीच तोवर बहुधा संपलेले असतात, सफरचंदाचा मोहर मिळू शकतो. थंडीवर अवलंबून आहे. मोहर नसला तरी रात्र वाढवाच. बारा क्रमांकाचा रस्ता बोल्डर डोंगरावर नऊ हजार फुटांच्या वर चढतो, तो दिवसाउजेडी आणि थांबत-थांबत करायचा रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या प्राचीन फ्रीमाँट लोकांनी खडकात कोरलेली चित्रं बघा. रस्त्यालगतच लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, आईंना अगदी सहज जमेल.