प्रति: नवं इंजिन पहिले ५० तास जपून चालवावं का?

वर कुणीतरी लिहिलंय की नव्या मोटारसायकलसारखं विमानाचं इंजिनही सुरुवातीला हळूच चालवावं. तेल साधं मिनरल वापरा, हे त्यांचं बरोबर. पण हळू चालवणं इथे अंगलट येतं. ज्वलनाचा दाब पिस्टन-रिंगच्या (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्याच्या) मागे शिरून तिला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो, तेव्हाच ती नीट घासून बसते. पॉवर कमी ठेवली तर होनिंगच्या (सिलिंडरची भिंत मुद्दाम घासून पाडलेल्या) बारीक चरांत तेल भाजून काचेसारखा थर चढतो. मग सिलिंडर उतरवून परत होनिंग. आमच्या हँगरमध्ये एक सेस्ना १७२ अशीच आली होती; मालकाने ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर) नुसत्या धावपट्टीभोवती चकरा मारल्या होत्या, तेही इंजिन 'जपायला'.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. रिंग बसली का, हे आपण तेलाचा खप कमी झाला का यावरून ठरवतो आणि तिथेच फसतो. त्या सेस्नातल्या लायकमिंग ओ-३२० इंजिनात ८ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) तेल मावतं. काठोकाठ भरलं की वरचा एक क्वार्ट बहुतेक ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतूनच बाहेर उडतो, विमानाच्या पोटाखाली काळा ओघळ दिसतो, आणि मालक म्हणतो इंजिन तेल पितंय! मी ६-७ वर ठेवतो, रोज सकाळी इंजिन गार असताना डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पुसून बघतो आणि वहीत लिहितो. सिलिंडरच्या तापमानाचा काटा बघाच, पण जुन्या विमानात त्याचा सेन्सर बहुधा एकाच सिलिंडरवर असतो. बाकीच्या तिघांचं काय चाललंय, ते त्याला कळत नाही.