अनुभव धागा: करेन लोकांचा नाच पाहिलाय का कुणी?

बाबांची बदली मायाबंदरला झाली होती, तेव्हाची गोष्ट. मधल्या अंदमानातलं वेबी हे करेन लोकांचं गाव. १९२५ साली इंग्रजांनी जंगलकामासाठी ब्रह्मदेशातून ही माणसं आणली, ती तिथलीच झाली. नाताळात चर्चजवळच्या मैदानात बांबूनाच असायचा. समोरासमोर बसलेली मुलं बांबू आधी खालच्या ओंडक्यावर आपटायची, मग एकमेकांवर. मुली त्या उघडमीट होणाऱ्या फटीत पाय टाकत पुढे सरकायच्या, नजर मात्र समोर! मला ओढून नेलं, तर मी खालीच बघत राहिले आणि बांबू घोट्यावर बसला. शेजारच्या करेन आजींनी खोबरेल तेल चोळलं. "नीचे मत देखो, आवाज़ सुनो," म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला चार पावलं जमली. तो ठेका अजून कानात आहे.

तुम्हीही लिहा, कुठलाही, कधीचाही अनुभव.

*

मी थायलंडमध्ये, ताक प्रांतातल्या सीमेलगतच्या खेड्यात पाहिला. त्यांचं नववर्ष प्याथो महिन्याच्या पहिल्या तिथीला, म्हणजे आपला पौष लागतो त्या सुमारास. सकाळी म्हशीच्या शिंगाचा भोंगा वाजला आणि सगळं गाव मैदानात. तिथला नाच म्हणजे डोन. या शब्दाचा अर्थच मुळी एकमत. तीसेक मुलंमुली रांगांत, हात, मान, पाऊल सगळं एकदम. एकटं पुढे येऊन कुणी नाचत नाही. मला आपलं लेझीम आठवलं. लांब पांढरा झगा घातलेल्या मुली बिनलग्नाच्या. लग्न झालं की चोळी वेगळी, लुंगी वेगळी.

मला सर्वांत आवडला तो कांस्याचा ढोल. वरच्या कडेला चार ओतीव बेडूक. पावसाला साद घालायची म्हणून ते बेडूक, असं गावकऱ्यांनी सांगितलं. मी हात लावून पाहिला, धातू गार होता आणि आतून अजून गुणगुणत होता.

*

आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. निर्वासित म्हणून आलेली करेन कुटुंबं इथे खूप आहेत. बाहेर बर्फ, आत हॉलमध्ये डोन. माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताई त्यात नाचल्या. नंतर म्हणाल्या, "गावी अनवाणी नाचायचो, मातीत पाय एकदम पडले की धप्प वाजायचं. इथल्या फरशीवर ते ऐकूच येत नाही." मला करेनमधला एकच शब्द येतो, तो मी म्हटला: ताब्लू. आभारी आहे.