रो-हाउसच्या गॅरेजची खोली करायची आहे: फरशी, उंची, परवानगी

नेरुळकर: सिडकोच्या रो-हाउसमध्ये तळमजल्यावर 10 बाय 16 फुटांचं गॅरेज आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून तिथे खोली आणि संडास-बाथरूम करायचंय. स्लॅब 9 फूट 6 इंचांवर, शटर 9 बाय साडेसात. कंत्राटदार म्हणतो, शटरच्या जागी भिंत, आहे त्या कोब्यावर (सिमेंटच्या जमिनीवर) टाइल आणि वर जिप्सम सीलिंग. चालेल का?

कोबा_टाइल: कोब्यावर थेट टाइल अजिबात नको. नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची, पावसाळ्यात पाणी वर चढतं. कोब्यावर दोन फुटी चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून दिवसभर ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला, तर ओल खालूनच येतेय. हे ऑगस्टमध्ये बघा, एप्रिलमध्ये सगळंच कोरडं दिसतं.

कोबा साफ करून 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. जोडावर 6 इंच चढवून टेप मारा, कडा भिंतीवर नव्या फरशीच्या वर येतील इतक्या वळवा. त्यावर 3 इंच पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट), दीड इंच सिमेंट-वाळूचा माल, मग टाइल. साधारण 5 इंच जातात. शटरकडे उतार असतो, तिथे पीसीसी जाड होईल. राहत्या खोलीला 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट उंची लागते. तुमच्याकडे जेमतेम 9 फूट 1 इंच उरते, सीलिंग विसरा. उंची आतल्या टोकाला मोजा, तिथे कोबा सर्वांत वर असतो.

ठाण्याचा_गवंडी: शटरच्या जागी 6 इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक चालतील, पण खालचे दोन थर काँक्रीट ब्लॉकचे घ्या. एएसी पाणी शोषतो आणि आतला रंग पापुद्र्याने सुटतो. जुन्या कॉलमला भिंत मिळते तिथे दोन्ही बाजूंनी चिकन मेश (तारेची बारीक जाळी) लावूनच प्लास्टर करा, नाहीतर उभी भेग ठरलेली. खिडकी फरशीच्या एक षष्ठांश, म्हणजे जवळपास 27 चौरस फूट: 6 बाय साडेचार घ्या. खिडकी आणि खालचे थर सोडून एएसी ब्लॉक 25 पुरतात.

संडासाचं आधी बघा. 4 इंची पाइपला 40 ला 1 उतार लागतो. ड्रेनेजचं चेंबर 4 मीटरवर असेल तर 10 सेंटिमीटर. चेंबरचा तळ तेवढा खोल नसेल तर संडास तिथे होणारच नाही.

नेरुळकर: बाहेरचा रस्ता गॅरेजपेक्षा 4 इंच वर आहे.

कोबा_टाइल: मग 5 इंच वाढवूनही रस्त्याच्या फक्त एक इंच वर याल. दारासमोर आडवी जाळीची नाली हवीच, तिचं पाणी पावसाळी गटारात सोडा. उंचीमुळे फरशी आणखी वर नेता येत नाही.

प्लॅनवाला: तोडफोडीआधी मंजूर नकाशा काढा. त्यात ती जागा पार्किंग असेल तर खोली एफएसआयमध्ये (प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकाम क्षेत्रात) धरली जाईल आणि पार्किंग दुसरीकडे दाखवावं लागेल. आर्किटेक्टकडून महापालिकेत सुधारित नकाशा द्या, सिडकोच्या लीजच्या अटीही त्यांना दाखवा. परवानगीशिवाय केलं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते. वायरिंगमध्ये एसीला 4 चौरस मिमीची स्वतंत्र लाइन आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) घालाच, खोली ओलीच्या बाजूची आहे.